जळगावहून मुंबई किती लांब, दुबई किती लांब? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की विमानानं जायचं असेल तर किती किलोमीटर ते विचारू नका, किती तास लागतील ते विचारा. त्यावर इतक्या चिठ्ठ्या आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की हा अख्खा अंकच त्याला द्यावा लागतोय. जळगावात स्टँडजवळच्या ऑफिसात बसून मी 18 वर्षं लोकांची तिकिटं काढतोय आणि रोज हेच प्रश्न टेबलासमोर ऐकतो, त्यामुळे उत्तरं पण टेबलासमोर देतो तशीच देतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (यावलहून): मोबाईलवर जळगाव ते मुंबई विमानाचं अंतर बघितलं तर 355 किलोमीटर दाखवतं. रेल्वेचं 420 धरतात. गाडी घेऊन गेलो तर मीटर 410 च्या पुढं जातं. खरं कोणतं मानायचं? आणि 355 किलोमीटरला विमानाला अर्धा तास पुरे झाला, तर तिकिटावर सव्वा तास कसा काय लिहितात?

उत्तर: भाऊ, तिन्ही खरी आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या रस्त्याची आहेत. रेल्वे पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक, इगतपुरी करत कसारा घाट उतरते, म्हणजे वाटेत जी गावं आणि जे डोंगर आहेत त्यांना धरून वळत वळत जाते, तिचे झाले 420. मोबाईलवरचं 355 म्हणजे जळगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत दोरी ताणली तर जेवढी भरेल तेवढं. ते हिशोबाचं अंतर आहे, विमान बरोबर त्या दोरीवरून कधीच जात नाही. उडताना वाऱ्याच्या समोर तोंड करून उडावं लागतं, मग वळून रस्त्याला लागायचं, मग हवेत आखलेल्या ठराविक मार्गानं जायचं, आणि मुंबई जवळ आली की कंट्रोलवाले सांगतील त्या रांगेत उभं राहायचं. या सगळ्यात 355 चे 390, 400 सहज होतात.

आता वेळेचं बघा. आपल्या जळगावला येतं ते पंख्याचं एटीआर विमान, त्याचा वेग वर गेल्यावर तासाला साधारण 500 किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाणारी जेट विमानं 800 च्या वर चालतात, म्हणून तुमचा अर्ध्या तासाचा हिशोब तिथला आहे, इथला नाही. शिवाय 500 चा वेग पूर्ण रस्ता मिळत नाही, चढताना विमान सावकाश असतं, उतरताना पण सावकाश असतं, आणि छोट्या पल्ल्यात चढणं आणि उतरणं यातच निम्मा वेळ जातो. एसटीचं बघा ना, जळगाव ते भुसावळ आणि जळगाव ते नागपूर हिचा सरासरी वेग सारखा पडत नाही, कारण गावातून बाहेर पडायला लागतो तेवढा वेळ लागतोच, मग पुढं रस्ता 25 किलोमीटरचा असो की 400 चा.

आणि तिकिटावरचा सव्वा तास हा हवेतला वेळ नसतोच. विमान जाग्यावरून हललं तिथपासून मुंबईत जाग्यावर येऊन थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना कापून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, आणि एवढ्या मोठ्या शहराची सगळी विमानं त्या एकीवरच चढतात उतरतात. तुमचं विमान शहापूर-कल्याणवर गोल फिरत बसलंय असं झालं की समजा तुमचा नंबर यायचाय. हे सगळं कंपन्यांना ठाऊक असतं म्हणून त्या थोडी जास्तीची मिनिटं आधीच धरून ठेवतात, आणि म्हणूनच कधी कधी उशिरा निघालेलं विमान पण टायमावर पोचलं असं सांगतात.

पण भाऊ, तुमचा खरा हिशोब याच्याही पुढचा आहे आणि तो कुठल्याच मोबाईलवर दिसत नाही. तुम्ही यावलला आहात. घरून निघून जळगावला यायला तासाच्या वर, तिथून कुसुंब्याला विमानतळावर 20 मिनिटं, दीड तास आधी पोचायचं कारण बहुतेक कंपन्या काउंटर 60 मिनिटं आधी बंद करतात, मग सव्वा तासाचं विमान, मग बॅग यायला अर्धा तास, मग पार्ल्याहून दादरला जायला दुपारी पाऊण तास आणि संध्याकाळी दीड. बेरीज करा, साडेपाच-सहा तास झाले. रात्रीच्या गाडीला भुसावळला बसलात तर सात-आठ तास लागतील पण ते झोपेत जातील आणि सकाळी दादरलाच उतराल. म्हणून मी यावल-चोपड्याच्या माणसाला विमान घ्याच म्हणून कधीच सांगत नाही, विचारतो की काम कुठं आहे. काम अंधेरीत असेल, दुपारी मीटिंग असेल, सोबत पेशंट असेल, बसून पाठ धरत असेल, तर विमान. काम परळला, सकाळी आठला दवाखान्यात नंबर लावायचाय, तर गाडी. जळगाव शहरातच राहणाऱ्याचं गणित वेगळं, तो चार-सव्वाचार तासात दादरला जातो, त्याला विमान परवडतं. पुण्याचं तर आणखी वेगळं. सरळ अंतर साधारण 320 किलोमीटर आहे पण रस्त्यानं ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र जाते, तिथं ज्या दिवशी विमान असेल त्या दिवशी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (एरंडोलहून, मुलगा दुबईला असतो): मुलानं आम्हाला तिकीट पाठवलं आहे. जाताना मुंबईहून 4.30 ला सुटतं आणि दुबईला 6.10 ला पोचतं असं लिहिलंय, म्हणजे 1 तास 40 मिनिटं. येताना रात्री 10 ला सुटतं आणि 2.20 ला मुंबईत, म्हणजे 4 तास 20 मिनिटं. एकच रस्ता आणि एवढा फरक? तिकीट चुकलं तर नाही ना?

उत्तर: काका, तिकीट बरोबर आहे, काळजी करू नका. तिकिटावर जी वेळ असते ती नेहमी त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळानं, पोचायची वेळ दुबईच्या घड्याळानं, आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. तुम्ही दुबईत उतराल तेव्हा एरंडोलला 7.40 झालेले असतील. म्हणजे जाताना 3 तास 10 मिनिटं. येताना दुबईचं 10 म्हणजे आपले साडेअकरा, तिथून 2.20 पर्यंत 2 तास 50 मिनिटं.

मी लोकांना एक सोपी युक्ती सांगतो, ती वहीत लिहून ठेवा. जायचे तास आणि यायचे तास जसे तिकिटावर दिसतात तसेच मिळवा आणि निम्मे करा. 1.40 अधिक 4.20 बरोबर 6 तास, निम्मे केले की 3 तास. घड्याळाचा फरक जाताना वजा होतो आणि येताना मिळतो, म्हणून तो आपोआप कटून जातो. लंडन असो, अमेरिका असो, कुठल्याही देशाला चालतं, तिथलं घड्याळ किती मागं किती पुढं हे माहीत असायची पण गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल की तरी जाताना 20 मिनिटं जास्त का. मुंबई ते दुबई साधारण 1,930 किलोमीटर आहे आणि ते जाताना येताना तेवढंच राहतं. फरक पडतो वाऱ्यामुळे. जिथं ही विमानं उडतात, म्हणजे नऊ ते बारा किलोमीटर उंचावर, तिथं हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, उत्तर भारतावर तो कधी कधी तासाला दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जातो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर तुम्ही नावेत बसला असाल तर हे लगेच कळेल. नावाडी तेवढ्याच जोरानं वल्हं मारतो पण पाण्याला ओढ असेल तर प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागं जातो आणि उलट येताना हात भरून येतात. विमानाचं तेच आहे, ते हवेत पोहतं, आणि हवाच चालत असेल तर जमिनीवरचा वेग बदलतो. समजा विमानाचा स्वतःचा वेग 840 आहे आणि वारा 100 चा आहे, तर मागून असला की जमिनीवर 940 नं जाईल आणि समोरून असला की 740 नं. समोरच्या पडद्यावर ग्राउंड स्पीड लिहिलेलं असतं, जाताना आणि येताना ते बघा, आणि मला कळवा किती होतं ते.

पावसाळ्यात एक वेगळीच गंमत होते. दक्षिण भारतावर तेव्हा वरचा वारा उलटा होतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला लागतो. या वाऱ्याचा अभ्यास पी. कोटेश्वरम या आपल्या हवामान शास्त्रज्ञानं करून 1958 मध्ये जगापुढं मांडला. आपला मान्सून आणि हा वारा यांचा जवळचा संबंध आहे. म्हणजे ज्या वाऱ्यावर तुमची कपाशी अवलंबून आहे त्याच्याच वरच्या मजल्यावरून मुलाचं विमान जातं.

प्रश्न (भुसावळ, इयत्ता आठवी): पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टर वर जाऊन एकाच जागी थांबलं तर खालून मुंबई निघून जाईल आणि दुसरं गाव येईल का? आणि पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर का पोचत नाही?

उत्तर: बाळा, प्रश्न फार चांगला आहे, मला पण तुझ्या वयात पडला होता आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. आपण जळगाव-भुसावळवाले बसल्या जागी तासाला साधारण 1,560 किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललोय, पण आपल्याबरोबर झाडं, घरं, विमानतळ आणि हवा पण चाललीय. रेल्वेच्या डब्यात माशी शिरते ती बघितली असशील. गाडी 100 च्या वेगानं पळत असते तरी माशी डब्यात मजेत इकडून तिकडे उडते, मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही, कारण डब्यातली हवा गाडीबरोबरच चाललेली असते. हेलिकॉप्टर म्हणजे ती माशी समज. म्हणून विमानाला पृथ्वीच्या फिरण्याचा सरळ फायदा तोटा होत नाही. पण वर जो वारा सांगितला ना, तो तयार होण्यात आणि पूर्वेकडे वळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा मोठा हात आहे, त्यामुळे आडवळणानं का होईना तुझं म्हणणं थोडं खरं ठरतं. विज्ञानाच्या सरांना हे दाखव.

प्रश्न (पाचोऱ्याहून): बहीण अमेरिकेला गेली तेव्हा आम्ही मोबाईलवर तिचं विमान बघत होतो. मुंबईहून न्यूयॉर्क पश्चिमेला आहे तर विमान पार वर उत्तरेला का चाललं होतं? लांबून नेऊन जास्त पैसे घेतात का?

उत्तर: ताई, उलट आहे, जवळून नेतात म्हणून वरून नेतात. हे सांगून पटत नाही, करून बघावं लागतं, म्हणून मी ऑफिसात काय करतो ते सांगतो. उन्हाळ्यात एक गोल टरबूज घ्या, देठ वरच्या बाजूला ठेवा, तो उत्तर ध्रुव. टरबुजाच्या पोटावरून आडवी रेघ मारा, ते विषुववृत्त. त्या रेघेच्या जरा वर एका अंगाला खिळ्यानं टोचून मुंबई करा, आणि जवळजवळ मागच्या अंगाला, पण मुंबईपेक्षा दुप्पट उंचीवर, न्यूयॉर्क. आता शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि हळूहळू ओढून ताणा. पोटावरून आडवा गुंडाळलेला दोरा ढिला पडतो आणि आपोआप घसरत देठाकडे जातो, तुमच्या बोटांना ते जाणवतं. जिथं तो घट्ट बसतो तोच सगळ्यात जवळचा रस्ता.

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो म्हणून फसगत होते. पृथ्वीच्या गोळ्याचं साल सपाट करायचं म्हटलं तर कुठंतरी ताणावंच लागतं, आणि आपण शाळेत बघतो त्या नकाशात वरचा भाग फार ताणलेला असतो, ही पद्धत मर्केटर नावाच्या माणसानं 1569 मध्ये जहाजवाल्यांसाठी काढली होती. त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जेरियावरून जाते आणि तिची लांबी 14,200 किलोमीटरच्या आसपास भरते. गोळ्यावरचा ताणलेला दोरा तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं टोक असा जातो आणि 12,540 च्या आसपास. दीड हजारावर किलोमीटर वाचतात.

आता हा पण कागदावरचा रस्ता झाला, प्रत्यक्षात विमान कुठून जाईल ते वारा ठरवतो आणि देशांची भांडणं ठरवतात. 2019 मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, एप्रिल 2025 मध्ये परत भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला आणि तास वाढले. तिकीट काढताना आधीच्या वर्षीचा वेळ धरून पुढची गाडी बुक करू नका ते एवढ्यासाठीच.

वाऱ्याचं उदाहरण सांगतो, मला हे फार आवडतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून अटलांटिकवरून जायचं, साधारण 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं, अंतर झालं 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 जास्त, आणि पोचलं साडेचौदा तासात, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर, कारण सगळा रस्ता वारा पाठीला. लांबचा रस्ता लवकर संपला. माझ्या टेबलासमोर कुणी नुसतं किलोमीटर विचारलं की मी हेच सांगतो.

प्रश्न (धुळ्याहून आणि नंदुरबारहून, दोन वाचक): आमच्या गावाला प्रवासी विमान नाही, आम्ही कुठलं विमानतळ धरावं?

उत्तर: धुळ्याला गोंदूरला धावपट्टी आहे, तिथं पायलटचं शिक्षण चालतं, पण तिकीट काढून बसायचं विमान धरायचं तर बाहेरच जावं लागतं. मुंबई-आग्रा रोडवर राहता त्याचा फायदा घ्या, नाशिकचं ओझर वाटेतच लागतं, नाशिक शहराच्या आधी, आणि उलट्या दिशेला इंदूर पण तोच रस्ता धरून साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. इंदूरला विमानं जास्त आणि बऱ्याच शहरांना थेट आहेत, म्हणून दिल्ली-कोलकात्याकडं जायचं तर धुळे-शिरपूरवाल्यांनी इंदूरचं तिकीट एकदा तरी बघावं. जळगाव जवळ आहे पण तिथून ठराविक गावांनाच आणि ठराविक वारीच विमान असतं.

नंदुरबारवाल्यांनी सुरत. तापी लाइनची रेल्वे थेट आहे, अंतर साधारण 160 किलोमीटर, गाडीतून उतरून विमानतळाला रिक्षा केली की झालं. आणि सुरतला हवं ते विमान नसेल तर तीच रेल्वे धरून मुंबईच्या बाजूला जाता येतं.

एक सांगायचं राहिलं, दोघांसाठी पण आणि सगळ्यांसाठी पण. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, विमानतळ कोणतं ते वाचा. गोव्याला आता दोन आहेत, दाबोळी आणि मोपा, आणि मोपा पार उत्तर टोकाला आहे, दाबोळी त्याच्या बरंच खाली दक्षिणेला. मुंबईचं पण तसंच झालंय, नवी मुंबईचं नवं विमानतळ आलं. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. आपण खानदेशवाले रेल्वेनं कल्याण-ठाण्याला उतरतो, तिथून एक एका दिशेला आणि दुसरं भलत्याच दिशेला आहे. जुन्या विमानतळावर पण टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 लांब लांब आहेत, रिक्षा करून जावं लागतं.

प्रश्न (जळगाव शहरातून): मे महिन्यात दुपारच्या विमानाला आमच्या दोन बॅगा मागं ठेवल्या, म्हणे उन्हामुळे वजन कमी करावं लागलं. उन्हाचा आणि बॅगेचा काय संबंध, आम्हाला गंडवलं का?

उत्तर: गंडवलं नाही भाऊ, हे खरं कारण आहे, फक्त तिथल्या माणसानं नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. हवा तापली की पातळ होते. पातळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोर पण कमी होतो, मग तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त वेगानं आणि जास्त लांब पळावं लागतं. मुंबईला मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे, तिथं 38 डिग्रीत पण भागून जातं. आपली 1,700 मीटरची आहे आणि इथं मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. धावपट्टी लांब करता येत नाही, ऊन कमी करता येत नाही, उरलं काय तर वजन, म्हणून बॅगा उतरवतात नाहीतर सीट मोकळ्या ठेवतात. यात धोका पत्करण्यापेक्षा बॅग उद्या आलेली बरी. एप्रिल-मे मध्ये सकाळचं विमान मिळत असेल तर तेच घ्या, आणि औषधं, कागदपत्रं, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न (रावेर तालुक्यातून, केळीवाले): माणूस तीन तासात दुबईला पोचतो. मग आमची केळी कंटेनरमधून समुद्रानं का पाठवतात? विमानानं का नाही?

उत्तर: दादा, विमानात जागा किलोवर विकतात आणि केळी म्हणजे पाणी आणि वजन. एका कंटेनरमध्ये 20 टनाच्या आसपास माल बसतो, तेवढं विमानानं नेलं तर भाडं केळीच्या किमतीच्या वर जाईल. दुसरं म्हणजे केळीला घाईच नाही. हिरवी तोडून 13-14 डिग्रीवर ठेवली तर ती झोपल्यासारखी राहते, मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराहून जहाज चार-पाच दिवसात दुबईच्या बंदरात लागतं आणि पिकवायचं काम तिथं करतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2021 मध्ये तांदलवाडीची मानांकनवाली केळी दुबईला गेली ती अशीच. तुमच्यासाठी विमानाच्या तीन तासांपेक्षा बागेतून तोडल्यापासून थंड खोलीत जाईपर्यंतचे तीन तास जास्त महत्त्वाचे आहेत, घड उन्हात ट्रॅक्टरवर पडून राहिला की पुढं कितीही लवकर न्या.

प्रश्न (अमळनेरहून): जळगावहून मुंबई आणि मुंबईहून पुढं बंगळुरू असं जायचंय. मध्ये 1 तास 40 मिनिटं मिळतात, पुरतील का?

उत्तर: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पुरतील, कारण पहिलं लेट झालं तर पुढचं बसवून द्यायची जबाबदारी त्यांची असते. वेगवेगळी दोन तिकिटं असतील तर नाही पुरणार, मी तर घेऊच नका म्हणेन.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन चेन्नईला डोळ्याच्या दवाखान्यात चाललो होतो, तिकिटं दोन कंपन्यांची, मध्ये बरोबर एवढाच वेळ. जळगावचं विमान 50 मिनिटं उशिरा निघालं, मुंबईवर 15 मिनिटं घिरट्या घातल्या, बॅगेच्या पट्ट्याजवळ आई बाकावर बसलेली आणि मी घड्याळ बघतोय, पट्टा फिरतोय पण रिकामा. बॅग हातात आली तेव्हा दुसऱ्या कंपनीचं काउंटर केव्हाच बंद झालं होतं. विमान अजून समोर उभं होतं पण आम्हाला घेतलं नाही, आणि नियमानं त्यांचं पण चुकलं नाही. नवीन तिकिटाला दुप्पट पैसे गेले ते गेले, दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ हुकली आणि आठ दिवस थांबावं लागलं, आईनं एक शब्द काढला नाही पण मला ते आठ दिवस फार जड गेले. तेव्हापासून दोन तिकिटं वेगळी असली की मी मध्ये चार तासांच्या खाली कुणालाच देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. टर्मिनल बदलत असेल तर पाच. परदेशचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा, नातेवाईकांकडे झोपा.

प्रश्न (धरणगाव तालुक्यातून एका आजींनी नातवाकडून लिहून घेतलाय): मुंबईले जावाले कितला टाईम लागस भाऊ? आनि वरतून आपली तापी दिखस का?

उत्तर: आजी, तुम्ही विमानतळावर दीड तास आधी बसा, मग सव्वा तासात मुंबई. कानात दडा बसेल तेव्हा गोळी चघळा नाहीतर आवंढा गिळा, चढताना आणि उतरताना. चालायला त्रास होत असेल तर नातवाला सांगा, तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवायची, पार दारापर्यंत नेतात.

आणि तापीमाय दिसते. जाताना उजव्या बाजूची खिडकी मागायची, ते पण आधी सांगायचं. आपल्याकडच्या पंख्याच्या विमानाचे पंख वर छताला असतात, त्यामुळे खाली बघायला आडकाठी येत नाही. वर चढलं की आधी कपाशीची आणि केळीची चौकोनी चौकोनी शेतं दिसतील, मग गिरणा, वाळूचा पांढरा पट्टा जास्त आणि पाणी कमी, आणि तिच्या पलीकडे लांबवर तापी, तिच्या मागं सातपुड्याची निळी रेघ. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळच्या उन्हात ती चांगली चमकते, मे महिन्यात धुरकट असतं, तेव्हा नका जाऊ. चार-पाच मिनिटंच दिसते, मग विमान मनमाडच्या बाजूला वळतं. म्हणून पट्टा बांधून झाला की डबा उघडायची घाई करू नका, तेवढा वेळ खिडकीला डोळे लावून बसा.